जुन्या ट्रकची ओढ मधूनच का पडते : डिझेल मेकॅनिकच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड पूर्ण करून मोठ्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या मुलांना टॅपेट लावता येतात, नोझल तपासता येते, हेडही उतरवता येते. पण ‘गाडी कधी ओढते, कधी ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन चालक समोर उभा राहिला, की काम कुठून सुरू करावे हे त्यांना उमगत नाही. कायमचा बिघाड गाडीबरोबर गॅरेजात येतो आणि तिथेच सापडतो, तर अधूनमधून होणारा बिघाड घाटात राहतो आणि दारात फक्त धडधाकट चालणारे इंजिन येते. नाशिक परिसरात जुन्या ट्रकांवर काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की अशा गाडीचा पंप सर्वांत शेवटी काढावा आणि चालकाला प्रश्न सर्वांत आधी विचारावेत.

येथे मी कॉमन रेल, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणारी डिझेल यंत्रणा, येण्यापूर्वीच्या गाड्यांविषयी लिहीत आहे. त्यांत यांत्रिक इनलाइन पंप असतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या नोझलला मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारा पंप. हा पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचे नाव 2008 मध्ये बदलून बॉश झाले, तरी गॅरेजांत तो आजही मायको पंप म्हणूनच ओळखला जातो. या गाड्यांना स्कॅनर लावता येत नाही, त्यामुळे बिघाडाची नोंद गाडीत कुठेही राहत नाही. ती चालकाच्या आठवणीत असते आणि तिथूनच काढून घ्यावी लागते.

म्हणून चालकाला बसवून, चहा देऊन, घाई न करता विचारावे. ‘दादा, लोड किती होता? चढ होता की सपाट रस्ता? टाकीत डिझेल किती होते? ओढ हळूहळू कमी झाली की एकदम पडली? धूर काळा आला, पांढरा आला की आलाच नाही? थांबल्यावर पुन्हा चालू केली तेव्हा कशी चालली?’ यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. काळा धूर येऊन ओढ पडत असेल तर इंजिनाला हवा कमी पडते आहे, आणि धूर न येता पडत असेल तर बहुतेक वेळा डिझेल कमी पडते आहे, एवढी विभागणी केली तरी निम्मे काम हलके होते.

प्रश्न विचारून झाले की काहीही उघडण्याआधी दहा-पंधरा मिनिटांची एक तपासणी मात्र कधीही टाळू नये. एकाने केबिनमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकतो की नाही ते पाहावे. जुन्या गाडीत लिंकेजची, म्हणजे पेडल आणि पंप जोडणाऱ्या दांड्यांची, भोके झिजलेली असतात, पेडलखाली मॅट अडकते, इंजिन बंद करायची स्टॉप केबल अर्धवट ओढलेली राहते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून वेग कमी करणारा ब्रेक) असेल तर त्याची फ्लॅप पूर्ण उघडते का, तेही पाहावे. चढावर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही, तर दोष क्लचचा आहे. गाडी चालवून आणल्यावर एखादा ड्रम इतरांपेक्षा फार तापलेला आढळला, तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. या दोन्ही दोषांना चालक ‘इंजिन ओढत नाही’ असेच म्हणतो आणि त्याच्या जागेवरून तसेच वाटणे स्वाभाविक आहे.

आता डिझेलच्या वाटेकडे वळू, कारण माझ्या अनुभवात असे बिघाड सर्वाधिक तिथेच सापडतात. टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी शोषणाच्या बाजूची असते, आणि या बाजूला बारीक गळती असली तर डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. त्यामुळे नळी कोरडी दिसली म्हणजे ती निर्दोष आहे असे मानता येत नाही. आत गेलेली हवा मुख्य पंपाच्या गॅलरीत, म्हणजे त्याच्या आतल्या डिझेल साठण्याच्या जागेत, पोहोचली की प्लंजर (पंपातला दाब देणारा दांडा) डिझेल ढकलण्याऐवजी ती हवाच दाबत बसतो, नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि इंजिन मिस होऊ लागते. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुनेच पुन्हा बसवलेले असणे, हँड प्रायमरचे (हाताने डिझेल चढवायच्या पंपाचे) रबर कडक झालेले असणे, टाकीतल्या शोषणाच्या नळीला वरच्या भागात चीर असणे ही यामागची नेहमीची कारणे आहेत. चीर असलेली गाडी टाकी भरलेली असताना उत्तम चालते आणि डिझेल चिरेच्या खाली गेले की चढावर एअर घेऊ लागते, म्हणूनच टाकीतल्या डिझेलविषयीचा प्रश्न विचारायचा असतो.

हवा जात असल्याचा संशय असेल तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी जोडावी. चालू केल्यावर पहिले काही बुडबुडे जातात, त्यांना महत्त्व देऊ नये. पण इंजिन तापल्यावरही बुडबुड्यांची सलग रांग दिसत असेल तर हवा टाकीच्या बाजूनेच येते आहे. दुसरी तपासणी दाबाची आहे. गॅलरीतला दाब साधारण 1 ते 1.5 बार असायला हवा. तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून त्याचा गेज केबिनमधून दिसेल असा लांब नळीने बाहेर काढावा आणि लोड असलेली गाडी चढावर न्यावी. नाशिककडून येणाऱ्या आमच्या गाड्या कसारा घाट उतरून पुन्हा चढवल्या, की जे गॅरेजात दिवसभर दिसत नाही ते एका चढात दिसते. ओढ पडली त्याच क्षणी गेजचा काटाही पडला तर दोष पंपाच्या आधीचा आहे. काटा स्थिर राहून ओढ पडली तर पंप, नोझल किंवा हवेची बाजू पाहावी. जादा डिझेल टाकीकडे परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ झाली असेल तरी दाब टिकत नाही, म्हणून तो स्वस्त भाग आधी बदलून पाहावा.

एका गाडीचा पंप आणि नोझल दुसरीकडे पूर्ण करून झाले होते, मालकाचा मोठा खर्च झाला होता आणि तक्रार जशीच्या तशी होती. चालकाने सांगितले की घाटात गाडी मरगळते, कडेला घेऊन बंद करून थोडा वेळ थांबलो की पुन्हा नव्यासारखी चालते. मध्ये कोणीतरी नळीतून टाकीकडे उलटी हवा मारली होती आणि त्यानंतर काही दिवस गाडीने मुळीच त्रास दिला नव्हता. या दोन वाक्यांतच उत्तर होते. आम्ही टाकीची वाट बाजूला ठेवून वीस लिटरचा कॅन फीड पंपापेक्षा उंच, टर्बो आणि सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधला, रिटर्नची नळीही त्यातच सोडली, आणि गाडी संपूर्ण चढ न कुरकुरता चढली. टाकी उतरवली तेव्हा तळाच्या गाळात पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा सापडला. जोरात शोषण सुरू झाले की तो नळीच्या तोंडावर बसत असे आणि इंजिन बंद झाले की सुटून बाजूला होत असे. पंपावर गेलेला मालकाचा पैसा आठवून मला आजही वाईट वाटते, कारण कॅनच्या तपासणीला खर्च जवळपास काहीच नाही.

याच जातीचे आणखी दोन दोष लक्षात ठेवावेत. रबरी नळीचा आतला थर सुटून पापुद्र्यासारखा वाट अडवतो आणि बाहेरून नळी नवी दिसते. डिझेलचोरीच्या भीतीने बसवलेल्या कुलपाच्या झाकणाला कधी हवेचे छिद्रच नसते किंवा ते धुळीने बुजते. ओढ पडल्यावर लगेच झाकण सैल केले आणि हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर आणखी काही शोधण्याची गरज उरत नाही.

हवेच्या बाजूला एअर क्लीनर ते टर्बो हा होज नीट पाहावा. तो मऊ झाला असेल तर उभ्या गाडीत ठीक दिसतो आणि पूर्ण लोडवर आत चेपतो. पावसाळ्यात भिजलेला कागदी फिल्टरही असाच फसवतो. टर्बोनंतरचा होज फाटला तर शिट्टीसारखा आवाज येतो, पण पंपावर टर्बोच्या दाबानुसार डिझेल वाढवणारा डायफ्रॅम असेल तर काळा धूर फारसा दिसत नाही. त्या डायफ्रॅमकडे इनटेक मॅनिफोल्डमधून जाणारी बारीक नळी तडकली, तर धूर स्वच्छ राहतो आणि ओढ मात्र जाते. धुराच्या नियमाला हा अपवाद आहे, तो विसरू नये.

इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपची गळती बोटाने कधीही शोधू नका, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते आणि ती जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून पाहावे.

शेवटी एक वही ठेवावी. निरोगी गाडी हाताखाली आली की तिच्या गॅलरीतला दाब, शोषणाच्या बाजूचा व्हॅक्यूम आणि ज्या चढावर मोजले त्याचे नाव इंजिनाच्या मॉडेलसह लिहावे, म्हणजे आजारी गाडीचा आकडा कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न राहत नाही. दुरुस्तीनंतरची चाचणीही बिघाडाच्याच अटींवर घ्यावी. टाकी पाव भरलेली असताना ओढ पडत होती, तर पाव टाकीवर, तेवढ्याच लोडने, त्याच घाटात गाडी चढवावी आणि मगच मालकाच्या ताब्यात द्यावी.