तंबोऱ्यासह आत्याचे तैलचित्र : या चुका टाळा

घरातल्या गाणाऱ्या माणसाचे व्यक्तिचित्र रंगवताना चेहरा साधला की चित्र साधले, असा माझाही समज होता, परंतु आत्याला चित्र दाखवले तेव्हा तिने आधी तंबोऱ्यावरची बोटे पाहिली आणि विचारले, "अरे, पंचमाची तार मी तर्जनीने कधी छेडली?" पहिली, म्हणजे पंचमाची, तार मध्यमेने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात, हे लहानपणापासून पाहूनही मी मोबाइलवरच्या एका अस्पष्ट फोटोवर विसंबलो होतो. दोन-तीन फुटांवरून काढलेल्या फोटोत भोपळा अकारण फुगतो आणि समोरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत कधी कधी डावे-उजवेही उलटते. म्हणून फोटो सात-आठ फुटांवरून घ्यावा आणि हातांसाठी तरी माणसाला प्रत्यक्ष, वाजवत असताना बसवावे. दांडीची मध्यरेषा घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, मधोमध येते की नाही, हे रेखाटनातच तपासावे. ती जरा सरकली तरी तंबोरा मोडल्यासारखा दिसतो.

चित्राला पुढे तडे जातात ते बहुधा थरांचा क्रम चुकल्यामुळे. तैलरंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होते. तेलकट थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग दिल्यास वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलत राहिल्याने फाटतो. पहिला थर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून द्यावा आणि पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढवावे. केसांसाठी खालच्या थरात आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग वापरू नये, कारण तो फार सावकाश वाळतो. बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून मिळणारा काळा मला अधिक जिवंतही वाटतो.

गडद लुगड्यावर निस्तेज डाग पडले, तर वाळलेल्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचे पुसावे आणि मगच पुढचा थर द्यावा. तारा सर्वांत शेवटी काढाव्यात, त्याही अखंड पांढऱ्या रेषांनी नव्हे, तर उजेड पडतो तेवढ्याच ठिकाणी. वॉर्निशची घाई सहा महिने तरी करू नये. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून ठेवू नयेत, कारण त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

आत्याची बोटे मी पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडून पुन्हा रंगवली. रंग ओला होता, म्हणून एका दुपारीच काम भागले.