सुट्टीच्या गर्दीत मॉन्टेरेचे मत्स्यालय: आजी-आजोबा आणि मुलांसह एक दिवस

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे परिसरात, राहणाऱ्या मराठी घरांत, नाताळच्या सुट्टीत किंवा भारतातून आई-वडील आलेले असताना, मॉन्टेरेच्या मत्स्यालयाचा बेत एकदा तरी ठरतो. त्याच आठवड्यात असंख्य घरांनी तोच बेत ठरवलेला असतो आणि त्यामुळे अनेकांच्या वाट्याला माशांपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक येतात. गेली काही वर्षे वेगवेगळ्या वयाच्या पाहुण्यांना घेऊन मी या मत्स्यालयात जात आलो आहे, आणि गर्दीच्या दिवशीही तेथे समाधानाने वेळ घालवता येतो असे माझे ठाम मत झाले आहे. त्यासाठी सगळे पाहून संपवण्याचा आग्रह सोडावा लागतो. तीन किंवा चार जागा आधीच निवडाव्यात, प्रत्येक ठिकाणी निवांत थांबावे आणि उरलेले जाता-जाता जेवढे दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे.

पहिली तयारी तिकिटांची. तिकीट ठरावीक तारखेचे असते आणि ते संकेतस्थळावरून आधीच घ्यावे, कारण सुट्टीच्या दिवसांत दारावर जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर वृद्ध माणसांना दीड तासाचा प्रवास घडवणे योग्य नाही. नाताळच्या दिवशी, म्हणजे 25 डिसेंबरला, मत्स्यालय बंद असते, हे तारीख निवडताना लक्षात ठेवावे. पाच-सहा जणांच्या कुटुंबासाठी एका दिवसाचा खर्च बराच होतो. वर्षभरात दुसऱ्यांदा जाण्याची थोडी जरी शक्यता असेल तर वार्षिक सभासदत्वाचा हिशेब अवश्य करून पाहावा. काही दिवशी सभासदांना इतरांच्या आधी आत सोडतात आणि गर्दीच्या हंगामात तो पहिला तास पैशांत मोजता येणार नाही इतका मोलाचा असतो.

सॅन होजेहून मॉन्टेरे साधारण 115 किलोमीटरवर आहे. 101 क्रमांकाच्या महामार्गाने गिलरॉय मागे टाकून पुढे 156 क्रमांकाच्या रस्त्याने कॅस्ट्रोव्हिलकडे वळावे आणि तेथून समुद्रालगतच्या 1 क्रमांकाच्या महामार्गाला लागावे. यातला 156 चा पट्टा अरुंद आहे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर तेथे गाड्या तुंबतात, म्हणून घरून साडेसातच्या आत निघावे. सांताक्रूझमार्गे जाणारा 17 क्रमांकाचा रस्ता नकाशावर आकर्षक दिसतो, परंतु तो वळणावळणाचा घाट आहे. ज्यांना आपल्याकडच्या घाटांत गाडी लागते त्यांना तो याही देशात लागतोच, तेव्हा मुले आणि आजी बरोबर असतील तर तो टाळावा. गिलरॉयला पाच मिनिटे थांबून सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे, कारण पोहोचल्यावर गाडी लावण्यात किती वेळ जाईल ते आधी सांगता येत नाही.

मत्स्यालयाचे स्वतःचे वाहनतळ नाही. शेजारच्या रस्त्यांवर शहराची पैसे देऊन गाडी लावण्याची बहुमजली ठिकाणे आहेत आणि गर्दीच्या दिवशी दुपारच्या आतच ती भरतात. दारासमोर आधी ज्येष्ठ मंडळी, मुले आणि एक मोठे माणूस यांना उतरवावे, आणि मग चालकाने एकट्याने गाडी लावायला जावे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी आत चाकांच्या खुर्च्या मिळतात, पण त्या मोजक्या असल्यामुळे शिरताक्षणीच मागून घ्याव्यात. पुष्कळदा आपले वडीलधारे संकोचाने खुर्ची नको म्हणतात आणि दुपारपर्यंत थकून एका बाकावर बसून राहतात. खुर्ची सोबत असली की वाटले तर चालावे, दमले की बसावे, असे आधीच समजावून सांगितले तर ते सहसा मान्य करतात. इमारतीत उद्वाहने आहेत, त्यामुळे वर-खाली जाण्याची अडचण येत नाही.

कपड्यांविषयी एक सूचना उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. जून-जुलैमध्ये सॅन होजेला कडक ऊन असले तरी मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर सकाळभर दाट धुके आणि बोचरा वारा असतो. पुण्याहून आलेली आजी सुती साडीवर निघाली तर मत्स्यालयाच्या गच्चीवर पाच मिनिटेही उभी राहू शकत नाही, म्हणून स्वेटर, शाल आणि कानटोपी हे सारे जूनमध्येही गाडीत असावे.

आत शिरल्यावर बहुतेक सर्व लोक प्रवेशद्वाराजवळच्या समुद्री पाणमांजरांकडे वळतात आणि पहिल्या तासात तेथे मुंगी शिरायलाही जागा नसते. अशा वेळी गर्दीच्या उलट दिशेने जावे. आधी थेट दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावरच्या खुल्या समुद्राच्या दालनात पोहोचावे. 1996 मध्ये सुरू झालेल्या या दालनातील मुख्य टाकीत सुमारे 45 लाख लिटर पाणी आहे आणि तिच्या भिंतीएवढ्या पारदर्शक पडद्यासमोरचा अंधार इतका गडद आहे की डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे लागतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा व्हायची असलेल्या आजोबांचा हात या काळात सोडू नये.

याच पडद्यासमोर मी सर्वांत अधिक वेळ राखून ठेवतो आणि तसाच तो तुम्हीही ठेवावा. जमिनीवर बसण्यास कोणी हरकत घेत नाही, म्हणून मुलांना पुढे बसवावे आणि मोठ्यांनी मागे टेकून उभे राहावे. सुरुवातीला निळ्या पाण्याशिवाय फारसे काही दिसत नाही. मग तारलीचा (सार्डिन माशांचा) मोठा थवा एकदम वळतो, चांदीचा पत्रा उन्हात फिरवल्यासारखा चमकतो, आणि त्यामागून कुपा (ट्यूना) वेगाने निघून जातो. हिरवे समुद्री कासव मात्र सावकाश येते. पाच मिनिटांत निघून जाणाऱ्यांच्या हाती यातले फारच थोडे लागते. शिवाय इंग्रजी पाट्या वाचत बसण्यापेक्षा आजी-आजोबांना माशांची नावे विचारावीत. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला तारली, कुपा, मुशी (शार्क), पाकट (रे मासा) ही नावे आपोआप आठवतात. येथली तारली ही आपल्या किनाऱ्यावरच्या तारलीची चुलत बहीण आहे, सख्खी नव्हे, परंतु तेवढ्या आधारावर अमेरिकेत जन्मलेल्या नातवाशी आजोबांचे जे बोलणे सुरू होते ते घरच्या दिवाणखान्यात सुरू होत नाही. अनेकांना चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय आठवते. ते 1951 मध्ये सुरू झाले होते आणि मुंबईच्या कितीतरी मुलांनी जिवंत मासा काचेमागे पहिल्यांदा पाहिला तो तेथेच. अशा आठवणी निघाल्या तर त्या मधेच तोडून पुढे चला म्हणू नये.

तारलीसमोर उभे असताना मुलांना या जागेचा इतिहासही सांगावा. जेथे हे मत्स्यालय आहे तेथे पूर्वी हॉव्हडेन नावाचा तारली डबाबंद करण्याचा कारखाना होता. या किनाऱ्यावर त्या काळी असे अनेक कारखाने होते. बेसुमार मासेमारी आणि समुद्रातील बदल यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास येथली तारली जवळजवळ नाहीशी झाली आणि एकेक कारखाना बंद पडत गेला. हॉव्हडेन 1973 मध्ये बंद झाला. संगणक उद्योगातील डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांच्या देणगीतून त्याच जागी 20 ऑक्टोबर 1984 रोजी मत्स्यालय सुरू झाले. कारखान्याचे जुने बाष्पकही (बॉयलर) आत जपून ठेवले आहेत, ते मुलांना अवश्य दाखवावेत.

दुसरी निवड केल्पच्या जंगलाची. केल्प ही समुद्री शैवालाची प्रचंड उंच वाढणारी जात आहे आणि तिची सुमारे साडेआठ मीटर उंचीची टाकी वरून आकाशाला उघडी आहे, कारण तिला सूर्यप्रकाश लागतो. तिला वाहते, हलते पाणीही लागते, म्हणून टाकीत यंत्राने लाटा निर्माण करतात. पाणी थेट समोरच्या उपसागरातून येते. दिवसा ते गाळलेले असते, त्यामुळे पाहणाऱ्यांना स्वच्छ दिसते, आणि रात्री न गाळता सोडतात, त्यामुळे त्याबरोबर सूक्ष्म जीव आणि अंडी आत येऊन आपोआप वाढतात. पाणबुडे टाकीत उतरून माशांना खाऊ घालतात आणि आतूनच प्रेक्षकांशी बोलतात. त्याची वेळ त्या दिवसाच्या वेळापत्रकात पाहून किमान वीस मिनिटे आधी जागा धरावी. उशीर झाला तर पुढे घुसू नये, वरच्या मजल्यावर जावे, कारण तेथून पाण्याचा वरचा भाग दिसतो आणि तेथे दाटी कमी असते.

स्पर्शकुंड, म्हणजे समुद्री जीवांना हात लावून पाहता येते ते कुंड, ही मुलांची सर्वांत आवडती जागा आहे आणि गर्दीत भांडणे होतात ती बहुधा तेथेच. हात आधी पाण्यात ओला करावा, दोन बोटांनी हळूच स्पर्श करावा, तारामासा उचलू नये, पाकटाची पाठ उघड्या तळहाताने शिवावी आणि शेपटीला हात लावू नये, हे सर्व गाडीतच समजावून सांगावे. आपली पाळी झाली की मागच्या मुलाला जागा द्यावी, हेही तेव्हाच सांगावे.

पाणमांजरांकडे दुपारी तीननंतर जावे. त्यांचे दालन दोन मजली आहे, वरून ती पाठीवर तरंगताना दिसतात आणि खालून पाण्यात बुड्या मारताना. त्यांच्या दाट केसांच्या कातड्यासाठी त्यांची एवढी शिकार झाली की कॅलिफोर्नियातून ती संपली असे लोक समजत होते. 1938 मध्ये मॉन्टेरेच्या दक्षिणेकडील बिग सर भागाच्या किनाऱ्यावर त्यांचा एक लहान कळप दिसला आणि आज या किनाऱ्यावर सुमारे 3,000 पाणमांजरे आहेत. मत्स्यालयात राहणाऱ्या माद्या समुद्रात अनाथ झालेल्या पिल्लांना आईप्रमाणे वाढवतात आणि तयार झालेली पिल्ले पुन्हा समुद्रात सोडली जातात. त्या पिल्लांनी माणसाला ओळखू नये म्हणून काळजी घेणारे कर्मचारी काळा अंगरखा आणि तोंड झाकणारा मुखवटा घालतात. दिसणाऱ्या प्राण्याच्या गोंडसपणापेक्षा ही हकिगत मुलांच्या मनात अधिक काळ राहते, असा माझा अनुभव आहे.

डॉल्फिनचे खेळ किंवा मोठे देवमासे येथे नाहीत, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. छताला टांगलेल्या देवमाशांच्या प्रतिकृती तेवढ्या पूर्ण आकाराच्या आहेत. मात्र मागच्या गच्चीवरून दिसणारा उपसागर 1992 पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे आणि तेथे मुक्त पाणमांजरे व सील पुष्कळदा दिसतात, म्हणून दुर्बीण बरोबर असावी.

जेवणाची वेळ हीच आतील गर्दीची खरी वेळ असते, आणि उपाहारगृहाच्या रांगेत अर्धा तास घालवण्याऐवजी मी साडेअकरालाच सर्वांना बाहेर काढतो. निघताना हातावर शिक्का मारून घ्यावा, म्हणजे पुन्हा आत येता येते. शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावात लव्हर्स पॉइंट नावाची किनाऱ्यालगतची बाग आहे. ती दीड-दोन किलोमीटरवर असल्याने ज्येष्ठांना गाडीने न्यावे. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, दही न घातलेला भात असे न सांडणारे पदार्थ न्यावेत. तेथले सीगल हातातला घास उचलून नेतात, म्हणून डबा उघडा ठेवून दूर जाऊ नये, आणि त्यांना किंवा खारींना मुद्दाम काही घालू नये.

चुकामूक झाली तर काय करायचे हे सकाळी दारातच ठरवावे. एकदा आमच्या गटातील सात वर्षांची मुलगी जेलीफिशच्या अंधाऱ्या दालनात दुसऱ्याच कुटुंबामागे चालत गेली आणि सापडेपर्यंतची दहा मिनिटे आम्हा सर्वांना फार जड गेली. तेव्हापासून आत शिरताना प्रत्येक मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र काढून ठेवतो आणि मुलांच्या खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी देतो. तशीच चिठ्ठी आजी-आजोबांच्याही खिशात असावी, कारण त्यांच्या भारतातील फोनला येथे पुष्कळदा जोडणी नसते. भेटण्याची जागा म्हणून चौकशीचे टेबल ठरवावे, पाणमांजरांचे दालन नव्हे, कारण तेथे सगळेच चुकलेले असतात.

साडेतीन-चारनंतर लहान मुलांची कुटुंबे परतू लागतात आणि सकाळी दाटी असलेल्या जागा मोकळ्या होतात. तो शेवटचा तास पुन्हा खुल्या समुद्राच्या पडद्यासमोर घालवावा. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि 156 वर परतीच्या गाड्यांची रांग लागलेली असते, तेव्हा थर्मासमधला चहा गाडीत बसल्यावर सर्वांना द्यावा आणि चालकाने तो पिऊन झाल्यावरच गाडी सुरू करावी.