बेससाठी लहान कॅबिनेट : खरेदीला निघण्यापूर्वी

लग्नसराईच्या तोंडावर बेस गिटारसाठी लहान कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, घेऊ इच्छिणाऱ्या वादकाने आधी आपले कार्यक्रम कुठे होतात आणि सामान कशातून जाते, हे कागदावर लिहून काढावे. जळगावातील मंगल कार्यालय, अमळनेरकडच्या एखाद्या गावातील हळदीचा मंडप आणि सारंगखेड्याच्या यात्रेचे मोकळे मैदान यांची गरज सारखी नसते. गाडीच्या डिकीचे माप टेपने घ्यावे आणि कॅबिनेटचे माप हँडल व कोपऱ्यांच्या पट्ट्यांसह धरावे. १९६९ साली आलेल्या अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या अँप्लिफायरसोबतचे आठ स्पीकरचे कॅबिनेट साठ किलोंहून जड असते. हलक्या निओडायमियम चुंबकाचा एकच बारा इंची स्पीकर असलेले कॅबिनेट मात्र पंधरा किलोंच्या आसपास मिळते आणि स्टेजच्या पायऱ्या एकट्याने चढवता येते.

खोका लहान झाला की खर्जही कमी होतो, हे आधीच मान्य करावे. लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम कोणत्याही जाहिरातीने बदललेला नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर आणि पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झवर वाजते, आणि तो तळ मैदानभर पोहोचवणे हे सबवूफरचे, म्हणजे खास खर्जासाठीच्या मोठ्या स्पीकरचे, काम आहे. म्हणून साउंडवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून तो बेसची डीआय लाइन (बेसचा आवाज थेट त्याच्या मिक्सरकडे नेणारी वायर) घेणार का आणि त्याच्याकडे सब आहेत का, हे विचारावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर आपले कॅबिनेट फक्त आपल्याला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरते लागते. हळदीला अनेकदा सबशिवाय नुसते दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, लावलेले असतात. तिथे एका बारा इंचीवर भागत नाही, तशी दोन न्यावीत आणि शेजारी न ठेवता एकावर एक रचावीत, म्हणजे वरचे कानाच्या जवळ येते.

दोन न्यायची म्हटली की ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचा, हिशेब आलाच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यावी. आठ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडल्यास चार ओहम होतात आणि बहुतेक हलक्या अँपवर (अँप्लिफायरवर) छापलेले वॅट चार ओहमवरचेच असतात. एकच कॅबिनेट लावल्यास त्याच्या निम्म्याहून थोडी जास्तच शक्ती मिळते. भुसावळजवळच्या एका लग्नात आवाज कमी वाटला म्हणून मी मित्राचे तिसरे कॅबिनेट जोडले, भार २.६७ ओहमवर, म्हणजे अँपला झेपेल त्याच्या खाली आला आणि ऐन रंगात आलेल्या गाण्यात अँपचा लाल दिवा लागून बेस बंद पडला. नवरदेवाच्या मित्रांना ते कळलेही नाही, हा अपमान वेगळाच. तेव्हापासून मी मागचे लेबल बॅटरीच्या उजेडात वाचल्याशिवाय वायर लावत नाही. वॅटच्या आकड्याइतकीच स्पीकरची संवेदनशीलताही, म्हणजे एका वॅटला तो किती आवाज देतो तेही, पाहावी, कारण ती तीन डेसिबलने कमी असेल तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात.

पारख करताना बेस आणि अँप आपलेच न्यावेत. तीन-चार पावले मागे उभे राहून जाड तारेवर एकेक पडदा सावकाश चढत जावे. एखाद्याच सुरावर जाळी, हँडल किंवा पाठीमागची पट्टी थरथरली, तर तो दोष दुकानातच सापडतो. फळ्यांच्या पोकळ स्टेजवर खर्ज घुमतो, म्हणून कॅबिनेट केळीच्या क्रेटवर ठेवूनही ऐकावे; आपल्याकडे क्रेट मागायला लांब जावे लागत नाही. पोर्ट, म्हणजे खोक्यातील हवेचे भोक, मागच्या बाजूला असेल, तर कॅबिनेट स्टेजमागच्या कापडी पडद्याला किंवा भिंतीला चिकटवून ठेवता येणार नाही, हे लक्षात घ्यावे.

वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे बंद गाडीत दिवसभर कॅबिनेट ठेवू नये आणि अँपच्या पंख्याची वाट झाकू नये. धुळीसाठी जाड कापडाचे कव्हर त्याच दिवशी शिवायला टाकावे. वायर स्पीकॉनची (फिरवून अडकवायच्या प्लगची), स्पीकरसाठीच बनवलेली घ्यावी, गिटारची वापरू नये, आणि तशीच एक जास्तीची पिशवीत असावी. बिलावर मॉडेलसोबत ओहमही लिहून घ्यावेत.