ब्रेस स्क्रीनवर बसला, पोरीच्या अंगावर का बसत नाही? या चुका टाळा

कणा वाकडा झालेल्या पोरापोरींसाठी मी ब्रेस, म्हणजे धडाभोवती घट्ट बसणारं प्लास्टिकचं कवच, बनवतो. गावाकडे त्याला पट्टाच म्हणतात, आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. मेडिकलमधला कमरेचा पट्टा वेगळा. त्याने वाक थांबत नाही.

आता काही ठिकाणी ब्रेस आधी कॉम्प्युटरवर घालून पाहतात. अंगाचं स्कॅन, समोरून आणि बाजूने काढलेले एक्स-रे, यांवरून मणके, त्यांच्यामधल्या चकत्या आणि बरगड्यांचं मॉडेल तयार होतं. त्यावर प्लास्टिक दाबलं की वाक किती सरळ होईल, याचा अंदाज येतो. कॅनडात मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी या पद्धतीने पातळ, हलके ब्रेस करून दाखवले. आपल्याकडच्या मे महिन्यात हलक्या ब्रेसची किंमत कळते!

पण मॉडेलला जे दिलं, तेवढंच ते जाणतं. दिवाळीतला एक्स-रे जूनमध्ये घेऊन येऊ नका. वाढीच्या वयात पोरगी सहा महिन्यांत सहज तीन-चार सेंटिमीटर उंच होते, वाकही बदललेला असतो. एक्स-रे उभं राहूनच काढलेला हवा, कारण झोपल्यावर वाक कमी दिसतो. फिल्म खिडकीला लावून काढलेला मोबाइलचा फोटो तर नकोच. फोटो तिरका आला की माप बिघडतं. सीडी मागून घ्या. स्कॅनच्या वेळी अंगावर घट्ट, पातळ बनियन असावी आणि श्वास रोखू नये.

स्क्रीनवर 32 अंशांचा वाक 16 दिसला की आईबाप हरखतात. तो आकडा ब्रेस घातल्याबरोबरचा आहे, दोन वर्षांनंतरचा नाही. एक्स-रेवर कोन मोजतानाच पाचेक अंश इकडेतिकडे होतात. म्हणून ब्रेस घालून एक्स-रे काढायला टाळाटाळ करू नका, खरी परीक्षा तीच.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ब्रेसमधल्या पोकळीची. एका बाजूने पॅड दाबतं, विरुद्ध बाजूला मुद्दाम जागा सोडलेली असते, म्हणजे कण्याला सरकायला वाव मिळतो. यवतमाळकडची एक आई सांगत होती, "पोरगी त्यात हालत होती, म्हून मी कापूस भरला." घरचाच कापूस, चांगला दाबून! वाक जिथे जायला हवा होता, ती वाटच बंद झाली. पोकळी भरू नका आणि पट्ट्या सैलही सोडू नका. मॉडेलने पट्ट्यांचा ठरावीक ताण धरलेला असतो, म्हणून पहिल्या दिवशी वेल्क्रोवर पेनाने खूण करून घ्या.

पॅडखालची लाली ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात गेली तर चालते. नाही गेली, फोड आला, किंवा कमरेच्या हाडावर रुतलं तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जा. घरी चाकू तापवून कड कापू नका. पावडर-व्हॅसलीन नको, आत कोरडी सुती बनियन घाला. धुतलेला ब्रेस टिनावर वाळत टाकू नका.

आता तासांचं. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ब्रेस्ट (BrAIST) नावाच्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा वाक ऑपरेशनच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे 50 अंशांपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. रोज सरासरी 13 तासांच्या पुढे घालणाऱ्यांत ते 90 टक्क्यांवर गेलं. तास मोजायला ब्रेसमध्ये तापमानाचं यंत्र होतं, 28 अंशांच्या वर म्हणजे अंगावर आहे असं धरलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कपाटात ठेवलेला ब्रेसही दिवसभर 'अंगावर' दिसेल! तेव्हा वहीत लिहा. डॉक्टरांनी सांगितलेले तास दुपारच्या उकाड्यात निभत नसतील तर त्यांना विचारून रात्री कुलरसमोर भरून काढा.

आणि पोरगी वाढली, ब्रेस काखेत रुतायला लागला, की जुन्याच साच्यावरून दुसरा काढून मागू नका. नवा एक्स-रे, नवं स्कॅन.