एग कस्टर्ड आठवणीतल्यासारखं होत नाही? या चुका टाळा

घरातल्या जुन्या वहीत कॅरामल कस्टर्डची कृती सापडते. अर्धा लिटर दूध, चार अंडी, शंभर ग्रॅम साखर. सगळं मोजूनमापून घेतलं, तरी लहानपणी खाल्लेलं ते कस्टर्ड काही होत नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. वहीत जिन्नस लिहिलेले असतात, आच लिहिलेली नसते. करणाऱ्या हाताला ती पाठ होती, त्यामुळे ती लिहावी असं कुणाला वाटलंच नाही. आणि कस्टर्ड बिघडतं ते आचेवरच.

अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो. दूध आणि साखर मिसळली की तेच अंडं उशिरा, ८० अंशांच्या आसपास धरतं. ८५ अंशांच्या पुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळत जातात, धरून ठेवलेलं पाणी सोडून देतात आणि कस्टर्ड फाटतं. म्हणजे आपल्या हातात चार-पाच अंशांचीच मुभा असते.

भोकं पडली, खाली पाणी सुटलं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: आच मोठी, किंवा वेळ जास्त. कस्टर्डचं भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात ते याचसाठी. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे ओव्हन १५०-१६० अंशांवर असला तरी भांड्याच्या कडा जपल्या जातात. ट्रेच्या तळाशी घडी घातलेलं फडकं ठेवा आणि भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी घाला. गॅसवर वाफवत असाल तर पाणी खळखळता कामा नये, नुसतं हलत राहिलं पाहिजे. भांड्यावर फॉइल घट्ट लावा, नाहीतर झाकणाला जमलेलं वाफेचं पाणी टपटप वरच पडतं.

अंडी फेटताना फेस आणला तरी भोकं पडतात. अंडी फक्त एकजीव करायची, फुगवायची नाहीत. मिश्रण गाळून घ्यायचं आणि वर बुडबुडे दिसले तर चमच्याने काढून टाकायचे. गाळायचा कंटाळा करू नका. अंड्यातले पांढरे दोरे शिजल्यावर दाताखाली येतात.

पण इथे थोडं थांबा. आमच्या आजीच्या पुडिंगला भोकं असायचीच. ती डब्यात घालून चांगल्या उकळत्या पाण्यावर ते वाफवायची. त्या भोकांत कॅरामलचा पाक जाऊन बसायचा, आणि आम्हा भावंडांना कडेचा तुकडा हवा असायचा तो त्यासाठीच. शास्त्राप्रमाणे ते जास्त शिजलेलं कस्टर्ड. पण तुम्हाला आठवणारी चव तशी असेल, तर तुमचं रेशमासारखं गुळगुळीत कस्टर्ड कितीही निर्दोष असलं तरी ‘हे ते नव्हे’ असंच वाटणार. म्हणून सुधारणा करण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या: भांडं कुठलं होतं, खोल की पसरट, झाकण असायचं का, पाणी उकळायचं का. भांडं बदललं की वेळही बदलते. धातूच्या डब्यात कडा लवकर धरतात, जाड काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात उशिरा.

आणखी एक गोष्ट विचारा: ते कस्टर्ड अंड्याचंच होतं ना? अनेक घरांत कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पावडर. ती मुळात रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअर असते, तिच्यात अंडं नसतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती. आठवण पावडरीची असेल तर अंडी कितीही वाढवली तरी ती चव यायची नाही.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं

मध्यभागी सुरी घालून ती कोरडी निघेपर्यंत थांबायचं, ही सवय सोडा. केकला ते ठीक आहे. कस्टर्ड बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने शिजत राहतं. भांडं हलकेच हलवून बघा: कडा धरलेल्या हव्यात आणि मधला भाग जेलीसारखा थरथरायला हवा. त्याच क्षणी बाहेर काढून पाण्यातूनही उचला.

कॅरामल

साखर विरघळायला लागली की चमचा घालू नका, भांडं फिरवा. ढवळल्याने पुन्हा खडे धरतात. लिंबाच्या रसाचे दोन थेंब घातले तर हा त्रास कमी होतो. गडद सोनेरी रंग आला की लगेच साच्यात ओता, कारण गॅस बंद केला तरी गरम भांड्यात रंग चढतच राहतो. फिक्या कॅरामलला नुसता गोडवा असतो. थोडा कडवटपणा मला तरी हवाच वाटतो.

ओतायच्या कस्टर्डच्या गुठळ्या

उकळतं दूध एकदम अंड्यांवर ओतलं की गुठळ्या होणारच. दूध थोडं थोडं घाला, फेटत राहा, मग सगळं मंद आचेवर चमच्याला लेप धरेपर्यंत ढवळा. फुटायला लागलं असं दिसताच थंड भांड्यात ओतून गाळा, बऱ्याचदा वाचतं. कॉर्नफ्लोअर घातलेल्या कस्टर्डचं मात्र उलट असतं. ते बुडबुडे येईपर्यंत शिजवायलाच हवं, नाहीतर पिवळ्या बलकातल्या एन्झाइममुळे ते नंतर पातळ होतं.

अंड्याचा उग्र वास येतो तो बहुधा जास्त शिजल्याने, किंवा गरम असतानाच खाल्ल्याने. रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. तळाचं कडक कॅरामल कस्टर्डमधला ओलावा घेऊन विरघळतं आणि पाक सुटतो. काढताना कडेने सुरी फिरवा, साचा काही सेकंद गरम पाण्यात धरा, आणि पाक सांडू नये म्हणून काठाची ताटली घेऊन उलटा करा.