गंज पेटली की पेटवली? आधी पोट बघा

कापणी-मळणी उरकली, रचाईच्या दिवसांत एखादी सर पडून गेली आणि आता ऊन तापले आहे. अशा हवेत रचलेल्या वैरणीच्या गंजींना पहिले सहा आठवडे जपावे लागते. या काळात गंज पेटली की राख निवण्याआधीच कोणाचे तरी नाव घेतले जाते. पेटवणारे असतात, नाही असे नाही. पण जिच्या पोटात रचल्या दिवसापासून आतली धग बघायला एकदाही सळई गेली नाही, ती गंज पेटली की पेटवली हे ठरवणे तपासनिसालाही जड जाते. आधी वैरण जाते, मग विम्याचा दावा अडतो.

ओलसर वैरण रचली की दांड्यात उरलेल्या पाण्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यांच्या श्वसनाने ऊब धरते. 60-65 अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक जीव मरतात, पण तापणे थांबत नाही. पुढची उष्णता रासायनिक क्रियांतून येते आणि वैरण ती बाहेर जाऊ देत नाही. वरून गार, आत निखारा. आतली धग बाहेरच्या हवेला भिडली की भडका. ज्वाळा आज दिसते, पण तापायला सुरुवात कित्येक दिवस आधी झालेली असते.

जाड दांड्याची वैरण जास्त फसवते. पान हातात चुरते, पेर मात्र ओले असते. नखाने पेराची साल सुटली तर रचू नका. खात्रीसाठी 100 ग्रॅम कुट्टी मंद आचेवर, करपू न देता, लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत वाळवा. 82 ग्रॅम उरली तर ओलावा 18 टक्के. लहान गाठींना (बांधलेल्या गठ्ठ्यांना) 20 टक्क्यांच्या आत, मोठ्या दाबलेल्या गाठींना 16 ते 18 टक्क्यांच्या आत ओलावा हवा.

रचाईची नेहमीची कामे:
- तळाला लाकडे किंवा दगड, वर ताडपत्री
- दोन गंजींत मोकळी जागा
- वीजतारांखाली रचू नये
- भोवतीचे गवत खरडून काढावे
- रचल्याची तारीख, कोणत्या तुकड्यातली वैरण, पाऊस कधी पडला याची नोंद

आता सळई. दोन-अडीच मीटर लांब लोखंडी नळी घ्या, टोक बंद, टोकाजवळ भोके पाडलेली. गंजीच्या मध्यापर्यंत खुपसा, दोरीला बांधलेला तापमापक आत सोडा आणि 15-20 मिनिटांनी काढा. तापमापक नसेल तर साधी सळई तेवढाच वेळ ठेवा. बाहेर काढल्यावर मुठीत धरवली नाही तर धोका आहे. गंजीवर चढायचे असेल तर फळी टाकून चढा. आत जळून पोकळी झाली असेल तर माणूस थेट खाली जातो.

- 55 अंशांच्या आत: रोज एकदा
- 65: दिवसातून दोनदा
- 70: दर चार तासांनी. जनावरे आणि यंत्रे हलवा
- 80: अग्निशमन दलाला बोलवा. पाणी तयार असल्याशिवाय गंज फोडू नका, हवा शिरताच पेट घेते
- 90 च्या वर: आत आग आहे असेच धरा

एक आडाखाही ठेवा. पहाटे शेजारच्या गंजीवर दव आहे आणि एकीचाच माथा कोरडा आहे, तर पहिली सळई तिच्यात. जळक्या गुळासारखा किंवा तंबाखूसारखा वास आला तर दवाचीही वाट बघू नका.

विक्रेते या दिवसांत ‘गंज राखणारी’ पावडर गळ्यात मारतात. पाकिटावर घटक आणि त्याचे प्रमाण छापलेले नसेल तर हात लावू नका. बुरशी रोखणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लाचा उपयोग होतो, पण गाठी बांधतानाच आणि सगळीकडे सारखे फवारले तर: 20 ते 25 टक्के ओलाव्याला टनामागे सुमारे 5 किलो, 25 ते 30 टक्क्यांना सुमारे 10 किलो. तापलेल्या गंजीवर वरून शिंपडून काही साधत नाही. थरांत मीठ टाकणारे बरेच आहेत. त्याने आग टळते याचा भरवसा नाही. सळईला खर्च नसतो, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही.

एवढे करूनही आग लागली, तर विझवणे आणि माणसे-जनावरे वाचवणे आधी. ते झाल्यावर जो तो राख उपसायला धावतो, आणि तिथेच पुरावा जातो. तपासनीस आधी आग कुठे लागली ते शोधतो, का लागली ते नंतर. मग प्रश्न तीन: पहिल्यांदा काय पेटले, कशाने पेटले आणि ती दोन एकत्र कशी आली. अपघात की घातपात, हे तिसऱ्या उत्तरावर ठरते. यातले काहीच धड उरले नाही तर ‘कारण अनिर्णित’ असा शेरा पडतो.

उरलेल्या ढिगाला फावड्याने उभा काप दिला की आतले थर दिसतात. आतून तापलेल्या गंजीत रंग पायरीपायरीने बदलतो: बाहेर पिवळी वैरण, मग तपकिरी, मग कॉफीसारखी गडद आणि ठिसूळ, मग कोळसा, मधोमध राखेची पोकळी. तपकिरी पट्टा रुंद असतो, कारण ती वैरण कित्येक दिवस भाजत होती. बाहेरून लागलेली आग लवकर विझली असेल तर वरचा थर कोळसा आणि वीतभर आत पिवळी, ताज्या वासाची वैरण. राखेत काचेसारखे खंगर सापडले की लोक चक्रावतात. वैरणीतली सिलिका आणि पोटॅश वितळून ते बनते. त्यावरून आच जोराची आणि बराच वेळ होती एवढेच कळते, आग कोणी लावली ते नाही.

ढीग पुन्हा पेटू नये म्हणून दल तो पसरवणारच. त्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या आणि एकाच बाजूने, थराथराने उपसायची विनंती करा.

गोठ्यातील वायरी गुंडाळून भंगारात टाकू नका. तांबे 1085 अंशांना वितळते. तारेच्या टोकाला गोल मणी आणि लगेच पुढे शाबूत तार असेल तर तिथे ठिणगी उडाली, म्हणजे तेव्हा वीज चालू होती. तार लांबवर बारीक होत ओघळली असेल तर ती आगीने वितळली. मणी सापडला म्हणून शॉर्टसर्किटनेच आग लागली असे होत नाही; आगीने आवरण जळूनही तारा भिडतात.

इंधनाचा संशय असेल तर नमुना घट्ट झाकणाच्या, न वापरलेल्या धातूच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत जातो, साध्या प्लॅस्टिक पिशवीत नाही. तिच्यातून वाफ निसटते. डबा दोन-तृतीयांशच भरतात आणि लांबची स्वच्छ माती तुलनेसाठी वेगळी घेतात. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, म्हणून उशीर नको. डिझेलचा पंप राखेजवळ आणून ठेवला की नमुना बिघडलाच. आणि फरशी तडकली, काचेला जाळी पडली म्हणून पेट्रोल ओतले, हे खरे नाही: गरम काच पाणी पडूनही तडकते आणि काँक्रीटचे पापुद्रे आतल्या ओलाव्यानेही उडतात.

उभ्या पिकात किंवा गवतात आग लागली असेल तर दगड आणि खांब बघा. आग ज्या बाजूने आली त्या बाजूला काजळी जास्त, मागे आडोशाला न जळलेले गवत. अशा खुणा उलट्या जोडत गेले की सुरुवातीची जागा सापडते, म्हणून तिथून ट्रॅक्टर फिरवू नका. दोन-तीन ठिकाणी एकदम आग दिसली तर संशय रास्त आहे, पण वाऱ्याच्या दिशेने उडालेले निखारेही तेच करतात. वारा कुठला होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

अपघाताचे कारण सापडले नाही, म्हणजे आग लावलीच असणार, हा तर्क पूर्वी सर्रास चालायचा. तपासनीस अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेच्या (एनएफपीए) ज्या 921 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेचा आधार घेतात, तिने 2011 च्या आवृत्तीत तो मोडीत काढला. वैर होते, विमा नुकताच वाढवला होता, जनावरे आधीच सोडलेली होती, हे सगळे तपासात येते. पण आग कशाने लागली याचे उत्तर त्यात नसते.

त्याच दिवशी, त्याच तुकड्यातल्या वैरणीची दुसरी गंज उभी असेल तर तिच्यात आजच सळई घाला. पोट तापलेले निघाले तर अंश आणि वेळ लिहून तपासनिसाला द्या. थंड निघाले तरी द्या.