रेझिनच्या आधी साचा: किल्ल्यावरच्या तोफा घरी ओतायला शिकणाऱ्यांसाठी

गणपती गेले की बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत दिवाळीच्या किल्ल्याची बोलणी सुरू होतात. यंदा राजहंसगड करायचा की रायगड, माती कुठली आणायची, बुरूज किती. मी छोट्या मॉडेलचे भाग ओतून देण्याचं काम करतो, त्यामुळे त्या दिवसांत पोरं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: "दादा, रेझिन कुठलं घेऊ?" रेझिन म्हणजे साच्यात ओतलं की कडक होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव. कुणाला तोफा करायच्या असतात, कुणाला मावळ्यांच्या ढाली, कुणाला दरवाजाचे खिळे. दोन-तीन जण तर हा छंद पुढे धंदा म्हणून करता येईल का, तेही विचारतात. सगळ्यांना मी आधी साचा शिकायला सांगतो. रेझिन पैसे टाकले की मिळतं. भाग साच्यातून कुठून आणि कसा सुटणार हे ओळखणारी नजर मात्र सरावानेच येते, आणि माल चांगला की टाकाऊ हे तीच ठरवते.

ही नजर मला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मिळाली. बेळगावात फाउंड्र्या भरपूर, आणि पॅटर्न, म्हणजे ज्यांचा ठसा वाळूत घेतात ते नमुने, बनवणारे जुने कारागीर अजून भेटतात. मी ज्यांच्याकडे शिकलो ते मामा कुठलाही नवा भाग हातात देऊन म्हणायचे, "धर, फिरव आणि सांग, कुठनं सुटतोय ह्यो?" वाळूच्या साच्यातून पॅटर्न सरळ वर उचलावा लागतो. कुठे अडकला तर वाळू ढासळते. म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना बारीक उतार ठेवतात आणि जिथे साच्याचे दोन अर्धे मिळतात ती पार्टिंग लाईन आधी ठरवतात. आपले साचे सिलिकॉन रबराचे. ते ताणलं जातं, त्यामुळे थोडी अडकण चालवून घेतं. पण जिथे ते ताणतं तिथेच पुढे फाटतं. म्हणून मी अजूनही मूळ नमुना हातात घेऊन फिरवतो आणि पेन्सिलीने पार्टिंग लाईनची रेघ मारतो. तुम्हीही तसंच करा.

मास्टर म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी, प्लॅस्टिकची शीट, पितळी तार, लाकूड, काहीही चालतं. लाकूड असेल तर त्याची छिद्रं सीलरने बुजवा. सिलिकॉन बोटाच्या ठशापर्यंत सगळं उचलतं. मास्टरवर राहिलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक नगावर येणार आणि प्रत्येक नगावर तो घासत बसावं लागणार. म्हणून प्रायमरचा एक हात मारा, उजेडात तिरपं धरून बघा, पाण्याच्या पॉलिश पेपरने ४०० आणि मग ६०० नंबरवर घासा. आणि मास्टर स्वतःच बनवा. विकत घेतलेल्या किटमधला भाग ओतून विकणं म्हणजे दुसऱ्याची मेहनत उचलणं. कॉपीराइटचा प्रश्न तर आहेच.

सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं. टिन क्युअरमध्ये थोडंसं कॅटॅलिस्ट, म्हणजे घट्ट करणारं रसायन, वजनाने घालायचं असतं, बहुतेक २ ते ५ टक्के. ते स्वस्त असतं आणि फारसे नखरे करत नाही, पण साचा काळाने किंचित आकसतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो. प्लॅटिनम क्युअर जास्त टिकतं आणि माप सोडत नाही, पण गंधकाशी आणि इतर काही रसायनांशी त्याचं वैर आहे. गंधक असलेली प्लॅस्टिसिन, लॅटेक्सचे हातमोजे, नीट धुऊन न सुकवलेला थ्रीडी रेझिन प्रिंट, यांना लागलं की तेवढा भाग चिकटच राहतो, कधीच सुकत नाही. सुरुवात टिन क्युअरने करा.

पहिला साचा एकाच बाजूचा घ्या. पाठीमागून सपाट असलेल्या वस्तू, म्हणजे ढाल, खिडकी, दरवाजाची फळी, सनबोर्डवर चिकटवायच्या, चारी बाजूंनी १ सेंमी जागा सोडून भिंती उभ्या करायच्या, सांधे ग्लू गनने बंद करायचे आणि सिलिकॉन ओतायचं. उंचावरून, सुतासारखी बारीक धार, आणि वस्तूवर न ओतता एका कोपऱ्यात. धार बारीक असली की त्यातले बुडबुडे वाटेतच फुटतात आणि सिलिकॉन आपोआप वस्तूवर चढत जातं. हे जमलं की मगच तोफेच्या चाकाकडे या.

चाकावर थोडं थांबतो, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. १:३२ मापाच्या तोफेचं चाक साधारण ४ सेंमी व्यासाचं येतं. मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर गोल कड. पार्टिंग लाईन या कडेच्या जाडीच्या बरोबर मध्यावरून जाते. मातीची थापी करून चाक त्यात निम्मं दाबायचं. माझ्याकडे त्यासाठी खानापूरची कुंभारकामाची माती असते. ओलसर असेपर्यंत काम उरकायचं, नाहीतर भेगा पडतात. आता आऱ्यांमधल्या प्रत्येक फटीतही माती निम्म्या उंचीपर्यंत भरायची. हे दात कोरायच्या काडीने करावं लागतं आणि वेळ खातं. माती जिथे चाकाला टेकते तिथे रेघ स्वच्छ हवी. केसाएवढी फट राहिली तरी सिलिकॉन आत शिरतं आणि पुढे त्या जागी रेझिनचा पातळ पापुद्रा येतो, ज्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. दोन मिलिमीटरच्या आऱ्यावरून फ्लॅश कापताना आराच मोडतो. मातीत पेनच्या मागच्या टोकाने चार-पाच खळगे करा. त्यांच्यामुळे दोन्ही अर्धे दरवेळी एकाच जागी बसतात. मग भोवती भिंती उभ्या करून सिलिकॉनचा पहिला अर्धा ओता.

पहिला अर्धा सुकला की पेटी उलटी करा, माती काढा, पण चाक सिलिकॉनमधून हलवू नका. ब्रशने राहिलेली माती साफ करा आणि उघड्या सिलिकॉनवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या. एखादा कोपरा सुटला तर तिथे दुसरा अर्धा पहिल्याला कायमचा चिकटेल. सिलिकॉनला दुसरं काही चिकटत नाही, सिलिकॉन मात्र चिकटतं. मग दुसरा अर्धा ओता.

रेझिनची वाटही साच्यातच ठरते. चाकाचा साचा उभा धरून ओतायचा असतो. रेझिन वरून एका नळीतून खाली जाऊन कडेच्या तळातून आत शिरावं आणि वर चढता चढता हवेला पुढे ढकलावं. हवेला बाहेर पडायला कडेच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर बारीक वाटा कापा. फाउंड्रीतला रनर आणि व्हेंट तो हाच. तुंब्याचं टोक बाहेर आलेलं असतं, तिथे हवा अडकते. दोन्ही अर्ध्यांत तिथे आधी ब्रशने रेझिन लावायचं आणि मग साचा मिटायचा. तोफेच्या नळीची पार्टिंग लाईन लांबीत घ्या आणि तिचं भोक ओतायच्या भानगडीत पडू नका, नंतर ड्रिलने पाडा.

आता रेझिन. पॉलियुरेथेन पाण्यासारखं पातळ असतं, बहुतेक १:१ प्रमाणात, आणि काही मिनिटांत बसतं, म्हणजे घट्ट होतं. बारीक भागांना हेच उत्तम. पण त्याला दमट हवा चालत नाही. ओलावा मिळाला की आत कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भाग पावासारखा फुगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत काय ओल असते ते वेगळं सांगायला नको, खानापूर तालुक्यात तर विचारूच नका. म्हणून माझं वर्षाचं वेळापत्रकच तसं आहे: पावसाळ्यात मास्टर आणि साचे, ओतकाम नवरात्रापासून पुढे. बाटली उघडली की लगेच घट्ट बंद करायची.

इपॉक्सीला ओलाव्याचा त्रास कमी, पण ते दाट असतं आणि सुकायला साधारण दिवस घेतं. थंडीच्या सकाळी ते मधाळ होतं. तेव्हा बंद बाटली कोमट पाण्यात ठेवावी. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं ते नीट वाचा, दोन्ही एक नसतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ढवळताना भांड्याच्या कडा खरवडा आणि मिश्रण दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. चिकट राहिलेल्या भागांचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं.

फायबरग्लासच्या कामातलं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं म्हणून पोरं तिकडे वळतात. घरात ते नको. स्टायरीनचा वास घरभर होतो, सिलिकॉनचा साचाही लवकर खराब होतो. त्याचं कॅटॅलिस्ट डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, आणि ते कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये, म्हणजे रेझिन लवकर बसवणाऱ्या रसायनात, थेट मिसळलं तर भडका उडतो. हे काम जाणत्याच्या हाताखाली, वर्कशॉपमध्येच शिकावं.

काळजीचं इथेच सांगतो. पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं, त्याने दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा जन्मभर राहते. नायट्राइलचे हातमोजे, वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क, आणि जागा परसात किंवा वाऱ्याच्या पडवीत. स्वयंपाकघरात कधीच नाही. कापडी मास्क वाफ अडवत नाही. भाग घासायचे ते ओले करून, म्हणजे धूळ उडत नाही. उरलेलं रेझिन गटारात ओतू नका, कपात सुकू द्या आणि मग टाका.

ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर शिंपडून झटकून टाका. पॉलियुरेथेन मग बारीक कोपऱ्यांत सहज ओढलं जातं. साचा दोन फळ्यांमध्ये ठेवून रबर बँड लावा, पण आवळू नका, चाक अंडाकृती होईल. तुंबा जाड असल्यामुळे आत गरम होऊन लवकर बसतो, आरे पातळ म्हणून मागे राहतात. ओतायच्या तोंडावरचं रेझिन कडक दिसलं म्हणून साचा उघडायची घाई करू नका. तरी एखादं चाक वाकडं निघालंच तर गरम पाण्यात बुडवून काचेवर सपाट दाबून गार होऊ द्या, सरळ होतं. रंगाआधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर प्रायमर सोलून निघतो.

यातून पोट भरेल का? नुसत्या किल्ल्यांच्या तोफांवर नाही, तो हंगाम छोटा असतो. पण आर्किटेक्टची मॉडेल, ट्रॉफ्या, मूर्तिकारांना लागणारे दागिन्यांचे साचे, फाउंड्रीचे छोटे पॅटर्न, सगळीकडे हेच कौशल्य लागतं आणि बेळगावात ही चारही कामं आहेत. दर काढताना नुसतं रेझिनचं वजन धरू नका. साचा किती नग देऊन फाटतो ते वहीत लिहा, सिलिकॉनचा खर्च तेवढ्या नगांवर पसरा, त्यात वाया गेलेले नग आणि घासण्याचा वेळ धरा. दिवाळीची ऑर्डर साचा तयार असल्याशिवाय घेऊ नका. आणि हंगाम संपला की प्रत्येक साच्यात एक ओतलेला भाग तसाच ठेवून, सपाट पृष्ठभागावर, उन्हापासून लांब ठेवा, वर सिलिकॉनचा प्रकार आणि वर्ष लिहून.